प्लेटोनं आपलाच सिद्धांत मोडला का?

प्रश्न : सर, मी बेळगावात बीएला आहे, तत्त्वज्ञान विषय. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिस सांगतो की सुंदर वस्तू येतात-जातात पण सौंदर्याचं मूळ रूप कायम असतं, ते मला पटलं होतं. पण प्लेटोच्याच 'पार्मेनिडीस' या संवादात तोच सॉक्रेटिस या रूपांवरून पार गप्प होतो. मग प्लेटोनं सिद्धांत सोडला असंच लिहायचं का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : नाही, सोडला असं अजिबात लिहू नका. संवाद वाचताना बोलणारा कोण, वय काय, हे आधी बघायचं. 'फीडो'तला सॉक्रेटिस तुरुंगात शेवटच्या दिवशी बोलतोय, आणि 'पार्मेनिडीस'मध्ये तो अजून कोवळा पोरगा आहे, समोर ६५ वर्षांचा तत्त्वज्ञ पार्मेनिडीस, शेजारी चाळिशीला आलेला त्याचा शिष्य झेनो. केस, चिखल यांचंही रूप असतं का म्हटल्यावर तो बिचकतो, आणि पार्मेनिडीस म्हणतो, तू लहान आहेस, अजून लोक काय म्हणतील बघतोस.

माझी आवडती जागा पुढं आहे. एकच रूप अनेक वस्तूंत कसं असेल? सॉक्रेटिस म्हणतो, दिवस कसा एकच असून सगळीकडे असतो, तसं. पार्मेनिडीस लगेच दिवस बाजूला ठेवून शिडाचं कापड आणतो, म्हणजे आपल्या खानापूरच्या पावसात चौघं एका ताडपत्रीखाली उभे राहिले तर प्रत्येकाच्या डोक्यावर तिचा एकेक तुकडाच येणार ना, झालं, रूपाचे तुकडे पडले. पण दिवसाचे तुकडे कुठं पडतात हो? सॉक्रेटिसनं तिथंच अडवायला पाहिजे होतं, तो नुसतं 'कदाचित' म्हणतो. माझ्या मते प्लेटोनं ही फट मुद्दाम ठेवलीय, वाचणाऱ्यानं भांडावं म्हणून.

'तिसरा माणूस' म्हणतात तो आक्षेपही असाच तपासा. मोठ्या वस्तू आणि मोठेपणाचं रूप, दोन्ही मोठे, मग त्यांच्यावर आणखी एक रूप, त्यावर आणखी एक, संपतच नाही. प्लेटोचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्टोस यांनी १९५४ च्या लेखात दाखवलं की यात मोठेपणाचं रूप स्वतः मोठं असतं हे न सांगता धरलेलं आहे. ते प्लेटोला मान्य होतं का, यावर अजून वाद चालू आहे, त्यावर एक परिच्छेद तरी लिहाच.

आणि एवढे आक्षेप घेऊन झाल्यावर पार्मेनिडीसच म्हणतो की रूपं नाकारली तर विचाराला टेकायला जागा उरत नाही, चर्चाच बुडते. ही जागा उत्तरात आलीच पाहिजे. पुस्तकाचं पान लिहू नका, समासातला १३५ हा आकडा द्या, तो प्लेटोच्या ग्रंथांच्या १५७८ च्या स्टेफानुस आवृत्तीतला पानाचा आकडा आहे.