वेगाचा आकडा लिहिण्याआधी

प्रिय,

अपघात पुनर्रचनेच्या, म्हणजे खुणा आणि नोंदींवरून अपघात कसा घडला ते शोधण्याच्या कामात यायचं तर सिव्हिल करू की मेकॅनिकल, असं तू विचारलं आहेस. वाट दोन्हीकडून आहे. सिव्हिलवाल्यांना रस्ता कळतो, मेकॅनिकलवाल्यांना ब्रेक आणि टायर. उरलेलं नोकरीत शिकावं लागतं. म्हणून पदवीनंतर लगेच अपघातांच्या अहवालांमागे लागू नकोस. तीन-चार वर्षं वाहतूक अभियांत्रिकीत काढ. चौकाचं सिग्नल टायमिंग स्वतः बसवलेलं असलं, की पिवळा दिवा कमी पडतोय हे नकाशावर लगेच दिसतं.

खरी मेहनत घ्यायची ती मोजमापावर. वळताना बाजूला घसरलेल्या गाडीची खूण वक्र असते आणि खाली वाकून बघितलं तर तिच्यात तिरप्या रेघा दिसतात. ब्रेक लागून सरळ घसरलेल्या टायरच्या रेघा खुणेच्याच दिशेने जातात. हा फरक चुकला तर सूत्रच चुकीचं निवडलं जातं. वक्र खुणेच्या सुरुवातीच्या भागावर 20 मीटर टेप ताणून धर आणि टेपच्या मध्यापासून खुणेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर घे. ते 50 सेंटिमीटर भरलं तर वळणाची त्रिज्या साधारण 100 मीटर, 45 भरलं तर 111. सपाट रस्त्यावर घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड, 0.7 धरला तर वेग पहिल्या मापाने ताशी 94 किलोमीटर येतो, दुसऱ्याने जवळजवळ 100. टेप जराशी सैल पडली, एवढ्यावर कुणाचा तरी वेग वाढतो. हे मनात पक्कं ठेव.

सरळ खुणेत नवखे हमखास एकाच जागी अडकतात. 25 मीटर खूण, घर्षणांक 0.7: 254 (ताशी किलोमीटरच्या सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले 0.7 गुणिले 25, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ताशी सुमारे 67 किलोमीटर. गाडी खुणेच्या शेवटी आपोआप थांबली असेल तर ठीक. पण खूण धडकेपाशी संपत असेल आणि त्या क्षणी ताशी 40 चा वेग उरला असेल, तर 67 अधिक 40 असं करायचं नाही. बेरीज ऊर्जेची होते, वेगाची नाही. दोन्ही वेगांचे वर्ग मिळव, मग वर्गमूळ काढ: 78 येईल. 107 आणि 78 यांत एखाद्या माणसाची शिक्षा बदलू शकते. आणि घर्षणांक तक्त्यातून उचलू नकोस. शक्य असेल तिथे त्याच रस्त्यावर, तशाच हवामानात ब्रेक चाचणी घे. ओल्या डांबरावर तो बराच उतरतो.

एअरबॅगच्या मॉड्यूलमधली, म्हणजे ती चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतली, नोंद मोलाची असते: धडकेआधीच्या साधारण पाच सेकंदांतला वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर. पण ठोकलेल्या गाडीत चावी फिरवून बघू नकोस. एअरबॅग उघडली नसेल तर नोंद कायमची बंद झालेली नसते आणि तिच्यावर दुसरी चढू शकते. बऱ्याच गाड्यांत वेगाचा आकडा चाकांच्या फिरण्यावरून येतो. चाक लॉक झालं असेल तर नोंदीतला वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तो आकडा रस्त्यावरच्या खुणांशी ताडून बघायचाच.

चालकाच्या प्रतिसादाच्या वेळेबाबतही सांभाळ. रस्ता आखताना 2.5 सेकंद धरतात, कारण आखणीत बहुतेक सगळे चालक सामावून घ्यायचे असतात. त्या रात्री त्या चालकाला किती वेळ लागला, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. अंधार, समोरची गोष्ट किती अनपेक्षित होती, ती कुठल्या कोनातून आली, हे बघून कक्षा, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा, ठरव. अहवालातही एकच वेग न लिहिता कक्षाच लिही आणि तिच्या दोन्ही टोकांना निष्कर्ष टिकतो का ते तपास. खालच्या टोकाला अपघात टळू शकत होता आणि वरच्या टोकाला नाही, असं निघालं तर तेही लिहायचं, पैसे देणाऱ्या पक्षाला आवडो न आवडो.

पुढे ॲक्टारची, म्हणजे अपघात पुनर्रचना करणाऱ्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची, मान्यता घेता येईल. तिच्या परीक्षेत लेखी सिद्धान्ताबरोबर प्रत्यक्ष प्रकरण सोडवावं लागतं. पण त्याआधी एक कर. मोकळ्या मैदानावर दोरीने 100 मीटर त्रिज्येचा खडूचा कंस काढ. वर सांगितलं तसं 20 मीटर टेपने त्याची त्रिज्या दहा वेळा मोज, दर वेळी टेप उचलून नव्याने लाव. दहा उत्तरांतली तफावत वहीत लिहून ठेव. पहिल्या अहवालातली कक्षा किती रुंद ठेवायची, हे ठरवताना ती वही समोर लागेल.