इराणी हॉटेलांची नोंद ठेवायचीय? मग आधी बसायला शिका

मुंबईतल्या जुन्या इराणी हॉटेलांची नोंद करायचा तुमचा उत्साह छान आहे, पण पहिल्याच दिवशी अख्ख्या मुंबईची यादी करू नका. एकच हॉटेल धरा. धोबीतलावचं कयानी घ्या, १९०४ पासूनचं आहे. आठवडाभर एकाच वेळी जा, ‘पानी कम’ (कमी पाण्याचा, दाट) चहा आणि ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) मागवा, आणि नुसतं बघा: कोण रोज येतं, कोण एकटं बसतं, गल्ल्यावर काय बोलणं चालतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- बसायच्या आधीच कॅमेरा काढतात.
- फक्त मालकाशी बोलतात. जुन्या वेटरला जास्त माहीत असतं!
- बंद पडलेल्या इराण्याबद्दल हळहळतात, पण तिथली गिऱ्हाइकं आता कुठे बसतात हे विचारत नाहीत. कुणी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सापडेल, कुणी सोसायटीच्या बाकावर.

जुने नकाशे, परवाने वगैरे नंतर बघू.