ऑक्सफर्ड कॅनॉलवर निघालाय तर आधी हे वाच

अगं,

तुझा मेसेज आणि ती एक्सेल शीट दोन्ही बघितलं. सहा जण, एक नॅरोबोट (इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद, राहायची सोय असलेली बोट), शुक्रवार ते शुक्रवार, ऑक्सफर्डहून नॅप्टनपर्यंत जाऊन परत. शीट ज्याने कोणी बनवली तो पोरगा हुशार असणार पण तो बोटीवर कधी गेलेला नाही एवढं नक्की, कारण त्याने मैल मोजलेत आणि लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारी पाण्याची दारं, ती मोजलीच नाहीत.

इथले लोक साधा हिशोब करतात, मैल अधिक लॉक, भागिले तीन, की झाले तास. ऑक्सफर्ड ते नॅप्टन साधारण 49 मैल आणि 39 लॉक म्हणजे 88, त्याला तीनने भागलं की तीसेक तास, येऊनजाऊन साठ. आता शुक्रवारी बोट ताब्यात मिळेपर्यंत दुपार उलटते, पुढच्या शुक्रवारी सकाळी परत द्यायची, मधे हातात उरतात सहा दिवस. रोज दहा तास चालवणार? मग मित्रांबरोबर गप्पा कधी मारणार, पोहे कधी करणार? वेग वाढवू म्हणशील तर कॅनॉलवर मर्यादाच ताशी 4 मैल आहे, आणि बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, इंजिन अगदी घरघरण्यापुरतं. त्यात लोक राहतात गं, तू जोरात गेलीस की त्यांचा चहा सांडतो आणि मग खिडकीतून जे काय ऐकायला मिळतं ते मी लिहीत नाही.

म्हणून माझं ऐक, वाटेतल्या बॅनबरीहून मागे फिरा. ऑक्सफर्डहून 27 मैल, 17 लॉक, एका बाजूचे पंधरा तास, म्हणजे रोज पाच तास चालवायचं आणि बाकी दिवस तुमचा. तिथलं लॉक तर शॉपिंग सेंटरला चिकटूनच आहे, सामान भरायला सोपं, आणि शेजारी टूलीजचं जुनं बोटयार्ड आहे ते बघाच, कालवा बॅनबरीला 1778 मध्ये पोचला आणि हे 1790 पासूनचं. फक्त वळायच्या आधी नकाशात विंडिंग होल, म्हणजे बोट उलटी वळवायला रुंद केलेली जागा, शोधून ठेव. उच्चार वाऱ्यातला विंड, रस्त्याच्या वळणातला वाइंड नाही, नाहीतर लोक हसतात. तुमची बोट साठ फुटी असेल आणि कालवा तेवढा रुंद नाही, त्यामुळे कुठेही वळता येत नाही.

याच्यात एक गोष्ट हुकेल आणि ती मलाही खटकते. बॅनबरीच्या वर क्लेडनचे लॉक चढून गेलं की कालव्याचा सगळ्यात उंच टप्पा लागतो, सरळ रेषेत पाच मैलसुद्धा नाही पण पाण्याने जवळपास 11 मैल, कारण जेम्स ब्रिंडलीने टेकड्या फोडण्यापेक्षा त्यांच्या कडेकडेने, एकाच उंचीवरून कालवा फिरवत नेला. तो बिचारा 1772 मध्ये गेला, आणि कोळशाच्या बोटी ऑक्सफर्डला पोचल्या 1 जानेवारी 1790 ला. घोडे ओढायचे तेव्हा त्या बोटी, काठाने जी पायवाट आहे ती त्यांचीच. असो, तो टप्पा पुढच्या वेळी.

आता लॉकबद्दल, इथे जरा सविस्तर लिहितो कारण इथेच लोक अडकतात. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट समज. दगडी खोली, दोन्हीकडे दारं, दारांच्या खाली आणि बाजूला पाणी सोडायच्या झडपा, त्यांना इथे पॅडल म्हणतात (वल्ह्याशी संबंध नाही). विंडलास नावाचं एल आकाराचं हँडल लावून ती उचलायची. खोली साधारण सात फूट रुंद आणि बोट 6 फूट 10 इंच, म्हणजे आत शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा. खाली उतरताना लक्षात ठेव, वरच्या दारापाशी आतल्या बाजूला दगडी उंबरा असतो, पाणी भरलेलं असताना दिसतच नाही. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचं शेपूट त्या रेघेच्या पुढेच राहिलं पाहिजे.

मी हे शहाणपण पुस्तकात वाचलेलं नाही. सॉमर्टनचं लॉक 12 फूट खोल आहे, संध्याकाळ झालेली, पबचं किचन नऊला बंद होणार म्हणून आम्ही घाईत, टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) मी होतो आणि काठावरच्या मित्राशी क्रिकेटवर वाद घालत होतो. बोट कधी मागे सरकली कळलंच नाही. शेपूट उंबऱ्यावर टेकलं, पाणी उतरत राहिलं, नाक खाली जायला लागलं आणि स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला. नशीब खालच्या दारापाशी आमच्यातली एक जण बोटीकडेच बघत होती, तिने काही न विचारता पॅडल पाडले, म्हणजे झडपा बंद केल्या, मग वरचं पॅडल हळूहळू उघडून पाणी परत भरलं आणि बोट तरंगली. तेव्हापासून आमचा नियम एकच, पॅडलवाल्याने बोटीकडे बघायचं, फोनकडे नाही, आणि कोणीही ओरडलं की आधी पॅडल पाडायचे, का ते नंतर विचारायचं.

त्या सॉमर्टनच्या वरचं लॉक, एन्हो वेअर, ते मुद्दाम थांबून बघ. बाकी लॉक लांबट, हे आणि खालचं शिप्टन वेअर तेवढी शंकरपाळीसारखी रुंद, आणि इथे उतार जेमतेम फूटभर. मला आधी वाटलं कोणाची तरी चूक असणार. मग कळलं की खालच्या 12 फुटी लॉकला प्रत्येक वेळी एवढं पाणी लागतं की वरून फूटभर उताराच्या अरुंद लॉकमधून ते पुरलंच नसतं, म्हणून खोली नाही तर रुंदी वाढवली. मी श्रीरामपूरकडचा, प्रवरेच्या कालव्यावर भंडारदऱ्याचं आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघत वाढलेला माणूस, मला ते डोकं इतकं आवडलं की मी तिथे अर्धा तास उभा होतो आणि मंडळी आत चहा थंड होतोय म्हणून बोंबलत होती.

तिथे चरवेल नदी कालव्यात येऊन पलीकडे जाते, आणि खाली बेकर्स लॉक ते शिप्टन वेअर लॉक साधारण मैलभर तर नदी हाच कालवा. तुम्ही जाता येता दोनदा त्यातून जाणार. लॉकवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी असते, हिरवं म्हणजे जा, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे बोट बांधा आणि पत्ते काढा. दोन दिवस लागले तरी बसा. लाल असताना सुट्टी संपतेय म्हणून निघू नका, बोट भाड्याने देणाऱ्याला फोन करा, तो सांगेल काय करायचं.

चालवायचं दोन तासात येतं. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, आणि ती मधल्या बिंदूभोवती फिरते, त्यामुळे नाक वळवलं की शेपूट दुसऱ्या बाजूला जातंच. ब्रेक नाही, रिव्हर्स टाकला तरी बराच वेळ सरकत राहते आणि रिव्हर्समध्ये वळवता येत नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. आणि बोट काठाला आदळणार असं वाटलं तर पाय मधे घालू नका, हातही नाही. कितीतरी टनांचं लोखंड आहे ते, रंग गेला तर जाऊ दे.

कामं वाटून ठेव पण रोज बदला, नाहीतर एकच जण टिलर धरून बसतो आणि एकच जण भांडी घासते, आणि तिसऱ्या दिवशी भांडण. संडासाची टाकी रिकामी करणं आणि पाणी भरणं हे कोणी आपणहून करत नाही, त्याची पाळी आधीच लाव. प्रोपेलरमध्ये पिशवी किंवा दोरी अडकली तर मागे एक झाकण असतं, तिथून हात घालून काढायची, पण इंजिन बंद आणि किल्ली तुझ्या खिशात, मगच.

आणि बोट घेताना विंडलास जास्तीचा मागून घे. एक पाण्यात पडतोच. आमचा नेल ब्रिजच्या लॉकमध्ये असेल अजून.

काका