भाकरी की पोळी, हे मीटरला विचारा

मधुमेहाचं निदान नुकतंच झालंय म्हटल्यावर घरीदारी प्रत्येक जण सांगणार, हे खा, ते सोडा. ऐकून घ्या, पण खात्री ग्लुकोमीटरवर, म्हणजे रक्तातली साखर मोजायच्या घरगुती यंत्रावर करा. जेवणाआधी एकदा साखर तपासा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाचा आकडा खोटाच येतो. टोचायचं ते बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. दोन तासांनंतरचा आकडा साधारण 180च्या (mg/dL) आत हवा, तरी तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आज पोळी, उद्या तेवढ्याच पिठाची ज्वारीची भाकरी, भाजी-आमटी तीच. ज्वारी म्हणजे हवी तेवढी खा, असं अजिबात नाही. भाकरीतही पिष्ट भरपूर असतं. पोहे नुसते खाऊन बघा, मग निम्मे पोहे आणि सोबत वाटीभर मटकीची उसळ. फरक बहुतेकांना दिसतो. आधी कोशिंबीर-उसळ, शेवटी भात, हा क्रमही आजमावाच. साबुदाण्याची खिचडी मात्र मी कुणालाच सुचवणार नाही, साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टच.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता भात-पोळी एकदम तोडू नका, साखर फार खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला आणि आकडा 70च्या खाली दिसला, तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.