सूर खडबडीत का?

प्रश्न : ‘द फ्लाइंग बरीटो ब्रदर्स’ या अमेरिकी कंट्री रॉक बँडचा ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ (१९६९) हा अल्बम ऐकला. त्यातील खरखर हा ध्वनिमुद्रणाचा दोष समजावा काय? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : मुळीच नाही. ‘द बर्ड्स’ या अमेरिकी रॉक बँडमधून बाहेर पडलेल्या ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमन यांनी हा बँड उभारला. आपण ज्याला खरखर म्हणता, ती प्रामुख्याने ‘स्नीकी पीट’ क्लाइनो यांच्या पेडल स्टील गिटारची आहे. पायाने व गुडघ्याने तारांचा ताण बदलत वाजवले जाणारे हे वाद्य कंट्री संगीतात एरवी गोड, लांबवलेले सूर देते. क्लाइनो यांनी मात्र ते फझ बॉक्समधून, म्हणजे सूर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या उपकरणातून, जाऊ दिले, आणि त्याला रॉक गिटारची धार आली. शिवाय बँडला तेव्हा कायमचा ड्रमवादक नसल्याने निरनिराळ्या वादकांनी साथ केली. आपल्या खान्देशातील वहीगायन या लोकगायनप्रकारात गळा तापल्यावर आवाजाला जो रांगडेपणा येतो, तो आपण उणीव मानत नाही. तोच न्याय येथेही लावावा, असे मला मनापासून वाटते. ‘ख्रिस्टीन्स ट्यून’ हे पहिलेच गाणे केवळ स्टील गिटारकडे कान देऊन पुन्हा ऐकावे.