माळावर खोकडाची पिल्लं खेळताना ट्रॅप कॅमेऱ्यात कशी टिपता येतील?

तुमचं म्हणणं असं: शेताला लागूनच्या माळावर बीळ आहे, संध्याकाळी खोकडाची पिल्लं बाहेर येऊन हुंदडताना लांबून दिसतात, पण बिळासमोर कमरेच्या उंचीवर लावलेल्या कॅमेऱ्यात आठ दिवसांत नुसतं हलणारं गवत आणि एक अर्धी शेपटी आली. कॅमेरा नवा आहे, तो बदलून घ्यावा का?

बदलू नका. त्याची जागा आणि सेटिंग बदला. आधी कॅमेऱ्याला प्राणी कळतो कसा ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

भिंगाखाली पांढरी, किंचित फुगीर प्लॅस्टिकची पट्टी किंवा चकती असते. तिच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात आणि मागे पीआयआर, म्हणजे उष्णतेतला फरक टिपणारा सेन्सर. त्या खाचा समोरच्या जागेचे अदृश्य कप्पे पाडतात. आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड असं काही एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकलं की कॅमेरा जागा होतो. म्हणजे आडवं जाणारं जनावर चटकन पकडलं जातं, आणि सरळ कॅमेऱ्याच्या रोखाने येणारं बराच वेळ एकाच कप्प्यात राहतं. तुमचा कॅमेरा बिळाच्या तोंडावर रोखलेला आहे, त्यामुळे बाहेर पडणारं पिल्लू त्याच्याकडेच चालत येतं. तो जागा होईपर्यंत पिल्लू बाजूला वळलेलं असतं. ती शेपटी अशी आली.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी साडेपाचला मुरमाड जमीन अजून तापलेली असते. पिल्लाच्या केसांचं तापमान आणि मागच्या जमिनीचं तापमान जवळपास सारखंच असतं, त्यामुळे सेन्सरला तिथे कुणी आहे हे कळतच नाही. उलट भिंगाजवळचं तापलेलं गवत वाऱ्याने हललं की त्याला तेच जनावर वाटतं. पहाटे जमीन निवलेली असते, तेव्हा हाच सेन्सर नीट चालतो. म्हणून पहाटेचे व्हिडिओ सेन्सरवर सोडा आणि संध्याकाळसाठी टाइम-लॅप्स लावा: साडेपाच ते साडेसात, दर ३० सेकंदांना एक फोटो. दोन तासांत २४० फोटो होतात, कार्डाला ते काहीच नाहीत. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर आणि टाइम-लॅप्स दोन्ही एकत्र चालू ठेवता येतात, मेन्यूत तेवढं शोधा. ही सोय नसेल तर माझ्या मते एक भारी कॅमेरा घेण्यापेक्षा दोन साधे घ्यावेत, एक व्हिडिओला आणि एक टाइम-लॅप्सला.

आता जागा. खोकडाच्या बिळाला बहुधा एकापेक्षा जास्त तोंडं असतात. कोळ्याचं जाळं असलेलं तोंड सोडून द्या. वापरातल्या तोंडाशी ताजी उकरलेली माती, बारीक ठसे, पिसं, हाडाचा तुकडा असं काहीबाही पडलेलं असतं. त्या मातीच्या ढिगापुढे गवत झडून तुडवलेली जागा दिसेल. ते पिल्लांचं अंगण, खेळ तिथे चालतो. कॅमेरा त्या अंगणावर धरायचा: चार ते सहा मीटर अंतरावरून, बिळाच्या बाजूने, म्हणजे बीळ ते अंगण ही ये-जा चौकटीत आडवी येईल. दोन मीटरच्या आत आलेलं जनावर धूसर येतं, कारण या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो. तोंड उत्तरेकडे ठेवा. पूर्व-पश्चिम धरलात तर नेमक्या खेळाच्या वेळी सूर्य भिंगात येतो.

उंची ३० ते ३५ सेंटिमीटर. खोकड दोन-तीन किलोचं जनावर, मांजरापेक्षा जरासंच मोठं. कमरेच्या उंचीवरून नुसत्या पाठी दिसतात आणि लहान पिल्लं सेन्सरच्या टप्प्याखालून निघून जातात. माळावर झाड नसतं आणि झुडपाला बांधलं तर ते वाऱ्याने हलतं, म्हणून दोन फुटी लोखंडी अँगल फूटभर जमिनीत ठोका आणि कॅमेऱ्याच्या बुडाला असलेल्या ट्रायपॉडच्या पाव इंची आट्यात बोल्ट बसवून तो त्यावर लावा. समोरचं दीड मीटरपर्यंतचं गवत कापू नका, नुसतं दाबून आडवं करा. ते उभं राहिलं तर रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यांचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड त्यावरूनच परततो, गवत पांढरंफेक होतं आणि मागचं सगळं काळं पडतं. ही सगळी मांडणी आधी घरी अंगणात, मांजर आडवं जाताना तपासून घ्या. बिळाजवळ चाचण्या करत बसायचं नाही.

व्हिडिओ दिवसा ३० ते ६० सेकंदांचा ठेवा, रात्री १५ ते २०. खोक्यावर लिहिलेला ०.३ सेकंदाचा ट्रिगर, म्हणजे जागं होऊन टिपायला लागणारा वेळ, सहसा फोटोचा असतो, व्हिडिओ सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यात खेळ सलग चालत नाही. पिल्लू पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून दुसऱ्याला बोलावतं, झडप घालतं, दोघं लोळतात, मग एकदम थांबून कान टवकारतात. दहा सेकंदांची क्लिप बरोबर त्या थांबण्यावर संपते. म्हणून क्लिप लांब आणि दोन क्लिपमधलं अंतर मेन्यूत मिळेल तेवढं कमी ठेवा. कार्डाचा हिशेब ढोबळ धरा: १०८० पिक्सेलला मिनिटाला सुमारे १०० एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचेक तास. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आवाज चालू ठेवा. चित्रात भांडण वाटणारं बरंच काही खेळ असतं, ते पिल्लांच्या बारीक चिरक्या आवाजावरून आणि पाठलाग करणारं दर थोड्या वेळाने बदलतं यावरून कळतं.

दुसरा कॅमेरा घेतलात तर इन्फ्रारेड दिवे ९४० नॅनोमीटरचे घ्या. ८५० वाल्याचे दिवे लांबवर पोचतात, पण अंधारात लालसर दिसतात. ९४० चं चित्र थोडं दाणेदार येतं आणि पल्ला कमी असतो. चार-सहा मीटरला तो पुरतो.

पिल्लांच्या सुरक्षेबद्दल मात्र मी अडून बसेन. त्रास झाला की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवते, आणि उघड्या माळावरचा तो प्रवास पिल्लांच्या जिवावर बेतू शकतो. कॅमेरा लावणं दहा मिनिटांत उरका, तेही दुपारी, पिल्लं आत असताना. बिळात डोकावू नका, टॉर्च मारू नका, कोंबडीचे तुकडे टाकू नका. आमिषाला गावची कुत्री येतात, आणि खोकडाच्या पिल्लांना कुत्र्यांसारखा दुसरा धोका नाही. कार्ड दहा दिवसांनी एकदाच बदला, फोटो घरी पाहा. व्हिडिओ टाकताना गावाचं नाव आणि मागे दिसणारी टेकडी, टॉवर असल्या खुणा वगळा. माळ वनखात्याचा असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात परवानगीबद्दल विचारा. नान्नज, रेहेकुरी, मयूरेश्वर अशा अभयारण्यांत तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे छायाचित्रणासाठी परवाना लागतो.

बॅटरीबद्दल थोडं. आठ साध्या अल्कलाइन सेलवर दिवसाचे फोटो ठीक निघतात, पण रात्रीच्या व्हिडिओत दिवे पेटले की व्होल्टेज खाली येतं आणि क्लिप अर्धवट तुटते. चांगले चार्जिंगचे निकेल सेल किंवा एए आकाराचे लिथियम सेल वापरा, नवे-जुने एकत्र घालू नका. उन्हात कॅमेऱ्याची पेटी आतून फार तापते, अल्कलाइन सेल गळून पत्रे गंजतात. वर गोणपाटाचा तुकडा छपरासारखा बांधा, त्याची झालर भिंगासमोर लोंबता कामा नये. पेटीच्या रबरी कडेत माती अडकली तर फटीतून मुंग्या शिरून अंडी घालतात, दर वेळी ती कड पुसून घ्या.

खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मतात, महिन्याभराने बाहेर येऊ लागतात. म्हणजे तुमच्या हातात अजून काही आठवडे आहेत. मृगाच्या पावसाआधी कॅमेरा काढा, पण अँगल तसाच राहू द्या. खोकडं जुनी बिळं पुन्हा वापरतात. पुढच्या डिसेंबरात तिथे जोडी दिसली तर खांब त्यांच्या सवयीचा झालेला असेल आणि तुम्हाला फक्त बोल्ट फिरवायचा राहील.