मराठी टायपिंग : वेग २५ वरच का अडतो?

प्रश्न : इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टायपिंग शिकते आहे. वेग मिनिटाला २५ शब्दांपर्यंत भराभर गेला आणि महिनाभर तिथेच अडकलाय. राज्य परीक्षा परिषदेची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा द्यायची आहे. सरावाचे तास वाढवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नुसते तास वाढवून भागणार नाही. शब्दाला ५ ठोके धरले तर २५ ला मिनिटाला १२५ ठोके पडतात, ३० ला १५०. म्हणजे ठोक्यामागे जेमतेम ०.०८ सेकंद वाचवायचे. बोटं तेवढी चपळ असतातच. वेळ खातं ते अडखळणं.

ते कुठे होतं हे मोबाइलवर हातांचं चित्रण करून पाहा. इन्स्क्रिप्टमध्ये काना आणि हलन्त (जोडाक्षरासाठीचं पाय मोडण्याचं चिन्ह) दोन्ही डाव्या मधल्या बोटाकडे आहेत, काना वरच्या ओळीत आणि हलन्त त्याखालच्या. ‘कार्य’, ‘मार्ग’, ‘शास्त्र’ लिहिताना त्या एकाच बोटाची तारांबळ उडते. असेच शब्द रोज १० मिनिटं, संथ आणि एका लयीत घ्या. मग प्रत्येकी एका मिनिटाचे ५ तुकडे ३२–३३ च्या वेगाने टाइप करा. चुका होऊ द्या, बॅकस्पेस नको. शेवटी २२ वर उतरून एक बिनचूक उतारा. हा भाग बरेच जण गाळतात आणि मग चुकाच बोटांत बसतात.

१८९० च्या दशकात ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी अमेरिकेत तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. संदेश पाठवण्याचा वेग सलग वाढला. ऐकून उतरवण्याचा मात्र मध्येच थबकला आणि मग उसळला. सुटी अक्षरं ऐकणारा कान अख्खे शब्द पकडू लागला, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही उतारा अक्षर-अक्षर वाचत असाल, तर नजर बोटांच्या एक शब्द पुढे ठेवा. आपोआप उसळी येईल म्हणून वाट पाहू नका. पुढच्या अभ्यासांत असा सपाट टप्पा दर वेळी दिसलेला नाही.

प्रश्न : कीबोर्डकडे बघणं सोडल्यापासून वेग २४ चा १६ झाला. जुन्याच पद्धतीवर जाऊ?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नको. पद्धत बदलली की वेग आधी पडतोच. बघून टाइप करताना नजर दर वेळी उताऱ्यातली जागा शोधत परत येते, म्हणून त्या पद्धतीची मजल कमी. परीक्षा पंधरवड्यावर असेल तर मात्र आता काहीच बदलू नका.